हया, आजार आणि इबादत

मलविसर्जनावरील ताबा सुटणे हा असा आजार आहे, ज्याचा उच्चार घरातही होत नाही. अवघड बाळंतपण, जुना मधुमेह किंवा मणक्याची इजा यांमुळे गुदद्वाराच्या स्नायूंच्या नसा दुबळ्या होतात. मग माणूस प्रवास सोडतो, लग्नकार्य टाळतो, मशिदीत जाणे थांबवतो. कधीकधी स्वतःला कायमचा नापाक समजून घरची नमाजही सोडतो. तो यालाच हया म्हणतो. ही खरोखर हया आहे काय?

हया ईमानची शाखा आहे. परंतु ती गुनाहापासून रोखते, विचारण्यापासून नव्हे. हजरत फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांनी न थांबणाऱ्या रक्तस्रावाविषयी प्रेषितांना (स.) स्वतः विचारले. ते रक्त रगेचे आहे, पाळीचे नव्हे. त्यासाठी नमाज सोडायची नाही, असे त्यांना समजले. माजूर व्यक्तीविषयीचे नियम सांगताना फकीहांनी याच प्रसंगाचा आधार घेतला. हनफी मतानुसार, एका नमाजेच्या संपूर्ण वेळेत वुजू करून फर्ज अदा करण्याइतकीही उसंत मिळाली नाही, तर व्यक्ती माजूर ठरते. पुढे आजार टिकून असेपर्यंत त्या कारणाने, वेळ संपेपर्यंत, तिचा वुजू तुटत नाही. कोकणातील शाफिई बांधवांनी वेळ सुरू झाल्यावर प्रत्येक फर्ज नमाजेसाठी स्वतंत्र वुजू करावा.

सवलत आहे म्हणून उपचार नको, असे मात्र नाही. ‘बायोफीडबॅक’ या उपचारात गुदमार्गात बारीक संवेदक ठेवतात. स्नायू आवळला की पडद्यावरची रेषा चढते. शरीराला न जाणवणारी हालचाल डोळ्यांना दिसते आणि रुग्ण ताबा पुन्हा शिकतो. त्यासाठी अनेक बैठका आणि घरी नियमित सराव लागतो. नस पूर्ण तुटली असेल, तर लाभाची आशा थोडी. उपचाराकरिता गरजेपुरता सतर उघडण्यास शरीअतची परवानगी आहे. स्त्रीसाठी स्त्री तज्ज्ञ मिळाल्यास उत्तम.

येथे दोन चुका संभवतात. उपचार घेणे म्हणजे तवक्कुल सोडणे, ही पहिली, प्रेषितांनी (स.) तर उपचार घेण्यास सांगितले आहे. गुण न येणे म्हणजे रुग्णाचाच कसूर, ही दुसरी. प्रयत्न बंद्याच्या हाती आहे, शिफा अल्लाहच्या. कुवतीपलीकडचा हिशेब तो मागत नाही. मग घरच्यांनी का मागावा?

आपल्या घरातील एखादे वडीलधारे माणूस जमातीला येईनासे झाले असेल, तर टोमणा न मारता एकांतात विचारा. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.