अप-डाऊन करणाऱ्यांची गाडी

इतवारीच्या बाजारात सकाळी शटर वर करणारे हात बरेचदा नागपूरचे नसतात. सराफा ओळीतला कारागीर, मस्कासाथेतला हमाल, कापडाच्या ठोक दुकानातला दिवाणजी यांतले कितीतरी लोक कामठी, कन्हान, थारसा, रामटेक, तुमसर अशा गावांहून रोज अप-डाऊन करतात. त्यांना रेल्वे सोयीची की एसटी, हा वाद जुना आहे. तो नेहमी भाड्यावर आणि वेगावर येऊन थांबतो. माझ्या मते रोजच्या प्रवाशाचा प्रश्न त्याहून साधा आहे: गाडी आज येईल का, आणि वेळेवर येईल का?

भाड्याचा हिशेब केला तर रेल्वेला तोड नाही. कोविडनंतर पॅसेंजर गाड्यांनाही एक्स्प्रेसचे भाडे लावले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते मागे घेतल्यावर किमान तिकीट तीस रुपयांवरून पुन्हा दहावर आले. त्यात मासिक पास काढला की एसटीचा खर्च त्याच्या कितीतरी पट होतो. आठ डब्यांच्या मेमू पॅसेंजरमध्ये नुसती बसलेली माणसे मोजली, तरी पंधराएक बस भरतील. एवढे असूनही गोंदियाच्या दिशेचा माणूस फाट्यावर लाल गाडीची वाट बघत उभा राहतो, आणि मला तो मुळीच चुकीचा वाटत नाही.

कारण इतवारीहून गोंदियाकडे जाणारा लोहमार्ग म्हणजे मुंबई-हावडा मुख्य मार्ग. छत्तीसगडचा कोळसा आणि भिलाईचे पोलाद याच रुळांवरून जाते. आधी एक्स्प्रेस, मग मालगाडी, आणि उरलेल्या जागेत मेमू. कळमन्याच्या आऊटरला गाडी थांबली की डब्यातले लोक घड्याळाकडे नाही, फोनकडे बघतात. शेठला काय सांगायचे, हे ठरवायचे असते. २०२२ मध्ये कोळशाची वाहतूक आणि मार्गाची कामे यांसाठी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेने गाड्यांमागून गाड्या रद्द केल्या. ज्याचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला जातो, त्याला स्वस्त पासाचे काय कौतुक?

एसटीचे मोठेपण असे की ती गावाच्या फाट्यावर थांबते. मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे झाले, त्याने कितीतरी जणींचा नोकरीचा रस्ता मोकळा झाला. पण तीही पारडीच्या गर्दीत अडकते आणि गणेशपेठला सोडते. तिथून इतवारीपर्यंत ऑटोचे पैसे वेगळे. २०२१-२२ च्या संपात तर कित्येक महिने बहुतेक गाड्या आगारातच उभ्या होत्या.

खरी उणीव दोघींच्या मधल्या जागेत आहे. भंडारा रोड स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. शहर तिथून दहाएक किलोमीटरवर. संध्याकाळची गाडी लागली की पिशव्या सावरत माणसे फाटकाकडे पळतात, कारण ऑटोतली जागा आधी पोहोचणाऱ्याची. प्रत्येक मेमूला जोडून एक एसटी तिथे उभी राहिली, तर अर्धा प्रश्न सुटेल. त्याला नवे रूळ लागत नाहीत, मोठा निधी लागत नाही. रेल्वे केंद्राची, एसटी राज्याची, म्हणून एक वेळापत्रक दुसऱ्याला विचारत नाही, एवढेच. २०१८ मध्ये नागपूरहून वर्धा, रामटेक, भंडारा रोड, नरखेडपर्यंत ब्रॉडगेज मेट्रोचा करार झाला. बेत चांगलाच होता, पण आहे त्या मेमूला वेळेवर धावू देणे त्याच्याआधी यायला हवे होते.

इतवारी-नागभीड मार्गाबद्दल मला सर्वात जास्त काळजी वाटते. १९०८ पासूनची इथली छोटी, नॅरोगेजची गाडी कुही, उमरेड, भिवापूर करत रेंगाळत जायची, तरी भाजीच्या टोपल्यांसकट माणसांना शहरात आणायची. नोव्हेंबर २०१९ मध्ये गेज बदलण्यासाठी ती बंद झाली आणि तो सगळा भार उमरेड रोडवर आला. ब्रॉडगेज हवेच होते. पण उमरेडला कोळशाच्या खाणी आहेत, आणि रुंद रूळ पडले की मालगाड्यांची मागणी येणारच. म्हणून सकाळी दुकाने उघडायच्या आत इतवारीत पोहोचणारी आणि रात्री बाजार बंद झाल्यावर निघणारी गाडी या मार्गाच्या वेळापत्रकात सर्वांत आधी लिहिली गेली पाहिजे. कोळशाच्या गाड्या तिच्या आगेमागे बसवता येतात.