पवित्र ते पवित्र कशामुळे?

तत्त्वज्ञान हा शब्द कानी पडताच आपल्यातील संसारी गृहस्थ आदराने हात जोडतो आणि हळूच दोन पावले मागे सरतो. हा विषय संन्याशांचा अथवा प्राध्यापकांचा, असे त्यास वाटते. भाविक मनुष्यास याहून निराळी शंका येते. प्रश्न विचारणाऱ्याची श्रद्धा कालांतराने ढळते, असे तो ऐकून असतो. यांपैकी पहिला समज दूर करणे सोपे आहे. दुसऱ्याचा मात्र नीट विचार केला पाहिजे.

ग्रीक भाषेत या शास्त्रास जे नाव आहे त्याचा अर्थ ‘ज्ञानाविषयीचे प्रेम’ असा होतो. आपल्याकडे त्यास ‘दर्शन’ म्हणतात. म्हणजे वस्तू जशी आहे तशी पाहणे. याच्या प्रमुख शाखा कोणत्याही दाव्यात एकामागून एक उभ्या राहतात, असा आम्हा वकिलांचा नित्याचा अनुभव आहे. मुळात घडले काय, आहे काय, हा प्रश्न सत्ताशास्त्राचा. ते आपणास कशावरून कळले, पुरावा कोणता, हा प्रश्न ज्ञानमीमांसेचा. आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशी चार प्रमाणे मानली ती याच प्रश्नाच्या उत्तरादाखल. त्या पुराव्यावरून हा निष्कर्ष निघतो काय, हे तर्कशास्त्र ठरविते. आणि अखेरीस न्याय्य काय, हे नीतिशास्त्राने सांगावयाचे. सौंदर्यशास्त्र तेवढे न्यायालयाच्या उंबरठ्याबाहेर राहते, एवढेच.

ग्रीक लोकांत या विचाराचा आरंभ इ. स. पूर्व सहाव्या शतकात, आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील मिलेटस नगरात झाला. थेलीस म्हणाला, सर्व वस्तूंचे मूळ जल होय. त्याच नगरातील ॲनॅक्झिमँडरने ते मूळ ‘अमर्याद’ असे काही मानले. पुढे हेराक्लिटसने सर्व काही प्रवाही आहे असे सांगितले, तर जे खरोखर आहे ते बदलतच नाही, असे पार्मेनिडीसने प्रतिपादिले. आपल्या कणादाप्रमाणे डेमॉक्रिटसही परमाणूंपर्यंत पोहोचला. यांची उत्तरे आज कोणी जशीच्या तशी स्वीकारीत नाही. त्यांचे मोठेपण असे की, ‘पूर्वापार असे सांगतात’ एवढ्यावर न थांबता त्यांनी कारण विचारले. झेनोफनीसने तर देवांविषयीच्या कल्पनांनाही हात घातला. माणसे आपल्याच रंगरूपाचे देव कल्पितात, हे त्याने इथिओपियन व थ्रेशियन लोकांच्या उदाहरणांनी दाखवून दिले.

हा प्रश्नांचा ओघ आकाशाकडून माणसाच्या आचरणाकडे वळविला तो मुख्यतः अथेन्सच्या सॉक्रेटिसाने. इ. स. पूर्व ३९९ मध्ये त्याच्यावर अधर्माचा व तरुणांस बिघडविल्याचा आरोप ठेवण्यात आला. त्या खटल्याच्या कामी तो न्यायाधिकाऱ्याच्या दालनाशी आला असता त्यास यूथिफ्रो नावाचा धर्मवेत्ता भेटला. प्लेटोने त्या दोघांचा संवाद त्याच नावाने लिहून ठेवला आहे. यूथिफ्रो आपल्या जन्मदात्या पित्यावर मनुष्यवधाची फिर्याद करावयास आला होता. हकीकत अशी : त्यांच्या शेतावरील एका मजुराने मद्याच्या धुंदीत घरच्या एका दासास ठार केले. पित्याने मजुराचे हातपाय बांधून त्यास खड्ड्यात टाकले, आणि पुढे काय करावे हे विचारण्यास धर्माधिकाऱ्याकडे अथेन्सला माणूस पाठविला. तो उत्तर घेऊन परतण्यापूर्वीच भुकेने, थंडीने व बंधनांनी मजुराचा प्राण गेला.

पित्यावर फिर्याद करणे हे पुण्यकृत्यच आहे, अशी यूथिफ्रोची खात्री होती. तेव्हा सॉक्रेटिसाने विचारले, पवित्र म्हणजे काय? देवांस प्रिय ते पवित्र, असे उत्तर आले. त्यावर सॉक्रेटिसाने प्रश्न केला तो असा : देवांस प्रिय असते म्हणून एखादी गोष्ट पवित्र ठरते, की ती पवित्र असते म्हणून देवांस प्रिय होते? पवित्र असते म्हणूनच ते देवांस प्रिय होते, असे यूथिफ्रोने मान्य केले; पण मग पवित्र म्हणजे काय, हे त्यास अखेरपर्यंत सांगता आले नाही. काम असल्याचे सांगून त्याने काढता पाय घेतला.

वरवर पाहता हा शब्दच्छल वाटेल. तो तसा नाही. पहिला पक्ष स्वीकारला, तर उद्या क्रौर्य देवास प्रिय झाल्यास क्रौर्यही पुण्य ठरेल, आणि ‘देव चांगला आहे’ या आपल्या उद्गारास काही अर्थ उरणार नाही. दुसरा पक्ष स्वीकारला, तर देवाची प्रीती ही पुण्याची साक्ष ठरते; पुण्य त्या प्रीतीने निर्माण होत नाही. मग पुण्य ओळखण्याचे दायित्व आपल्या बुद्धीवर येऊन पडते. चांगुलपणा हे ईश्वराचे स्वरूपच आहे, असे सांगून पुढे अनेकांनी मधला मार्ग काढला. परंतु ते स्वरूप ओळखावे कसे, हा प्रश्न तेथेही उरतोच. आपल्या परंपरेसही ही अडचण परकी नाही. पूर्वमीमांसकांनी धर्माचा आधार ईश्वराच्या इच्छेत न शोधता अपौरुषेय वेदात शोधला. मनुस्मृतीने श्रुती, स्मृती व सदाचार यांच्या जोडीस अंतःकरणाच्या समाधानासही धर्माचे लक्षण मानले.

आमचे लक्ष मात्र पुनःपुन्हा त्या खड्ड्यातील मजुराकडे जाते. पित्याने काही शास्त्राचा अवमान केला नव्हता. उलट शास्त्रार्थ विचारण्यासच माणूस धाडला होता. त्याचा दोष असा की, निर्णय येईपर्यंत बांधलेल्या माणसास घोटभर पाणी देण्याचे सामान्य कर्तव्यही त्याने शास्त्राच्या हवाली करून टाकले. हा तर खुनी, मेला तरी बिघडले काय, असे तो मनाशी म्हणाला. काही गोष्टी कोणास न विचारता कळाव्या लागतात. ज्यास त्या कळत नाहीत, त्याला शास्त्रवचनही तारू शकत नाही.

ही गोष्ट दूरच्या अथेन्सपुरतीच आहे, असे कोणी समजू नये. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरास उपोषण केले, ते विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य ठरविलेल्या बांधवांस खुले व्हावे म्हणून. शास्त्र अनुमती देत नाही, असे विरोधकांचे म्हणणे होते. त्याच पंढरीच्या वाटेवर चोखोबांचे अभंग गात वारकऱ्यांच्या पिढ्या गेल्या होत्या. तरीही शास्त्रार्थाची वाट पाहत माणसे दाराबाहेर उभी होती. अखेर दार उघडले, आणि विठ्ठलाचे पावित्र्य त्यायोगे तिळभरही उणे झाले नाही. गुरुजी श्रद्धाहीन होते असे त्यांचे विरोधकही म्हणू शकणार नाहीत. श्रद्धा होती म्हणूनच, देवास हे खरोखर प्रिय असेल काय, हा प्रश्न त्यांना जाळीत राहिला.

आता भाविकाच्या शंकेकडे वळू. प्रश्नांनी श्रद्धा ढळते काय? जी श्रद्धा केवळ सवयीवर उभी असते ती ढळते, हे कबूल केले पाहिजे. परंतु नचिकेत्याने पित्यास व पुढे साक्षात यमास प्रश्न विचारले, आणि उपनिषदाने त्यास नास्तिक म्हटले नाही. आपल्या शास्त्रकारांनी आधी पूर्वपक्ष मांडून मगच सिद्धान्त सांगण्याची शिस्त घालून दिली. सॉक्रेटिसास अथेन्सने दोषी ठरविले. अवघी ३० मते फिरली असती तर तो सुटला असता, असे प्लेटोने त्याच्या तोंडी घातले आहे. तो मात्र अखेरपर्यंत सांगत राहिला की, प्रश्न विचारणे हीच आपली देवसेवा होय.

देवळात जाताना आपण पादत्राणे बाहेर ठेवतो. विवेक बाहेर ठेवावा, असे कोणत्याही देवाने सांगितल्याचे आम्हास ठाऊक नाही.