लोकसंख्येपेक्षा मतदार जास्त

15 जानेवारी 2026 रोजी पुणे महापालिकेसाठी मतदान झाले, तेव्हा मतदारयादीत सुमारे साडेपस्तीस लाख नावे होती. प्रभाग मात्र 34 लाख 81 हजार लोकसंख्या धरून आखलेले. तान्ह्या बाळांसकट सगळे मोजूनही लोकसंख्या मतदारांपेक्षा कमी! यादी 2025 ची होती आणि लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची.

यात कायदा कुणी मोडलेला नाही. घटनेच्या व्याख्येनुसार लोकसंख्या म्हणजे आकडे प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या जनगणनेतली लोकसंख्या. 2021 ची जनगणना कोविडमुळे पुढे गेली आणि साथ ओसरल्यावरही रखडली. त्यामुळे 2011 चेच आकडे प्रमाण राहिले.

प्रभाग आखताना जनगणनेचे प्रगणक गट, म्हणजे एकेका प्रगणकाने मोजलेले भाग, एकमेकांना जोडत जातात. जिथे 2011 साली शेते होती आणि आज सोसायट्या आहेत, तिथेही माणसे जुनीच धरली जातात. 2021 साली पुण्यात आलेल्या वाघोली, नऱ्हे, मांजरी या गावांना याची झळ जास्त बसते. गाभ्यातल्या पेठांपेक्षा उपनगरांतल्या नगरसेवकावर कितीतरी अधिक माणसांचे पाणी, कचरा, रस्ते येऊन पडतात. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागाही याच आकड्यांवरून ठरतात.

मुंबईत वाद जागांच्या संख्येवरूनच पेटला. लोकसंख्या वाढल्याचे सांगत 2021 साली महाविकास आघाडी सरकारने 227 च्या 236 जागा केल्या. 2022 साली नव्या सरकारने त्या पुन्हा 227 वर आणल्या. नवी जनगणनाच झालेली नसताना संख्या वाढवता येणार नाही, ही त्यामागची भूमिका. ताजे आकडे हाताशी असते, तर या वादाला जागाच उरली नसती.

महापालिकांच्या निवडणुका लांबल्या त्या मुख्यतः ओबीसी आरक्षणाच्या खटल्यामुळे, हे खरे. पण प्रभागरचनेच्या उलटसुलट निर्णयांनी त्या विलंबात भरच घातली. 7 मार्च 2022 रोजी मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. अखेर 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायचे आदेश दिले, तेव्हा चक्रे फिरली.

अमेरिकेतही 2020 च्या जनगणनेचे आकडे उशिरा आले. मार्चअखेर अपेक्षित असलेला तपशील 12 ऑगस्ट 2021 रोजी मिळाला आणि शार्लट शहराची त्या शरद ऋतूतली निवडणूक जुलै 2022 वर गेली. नागरिकांना थांबावे लागले, पण मतदान नव्या आकड्यांवर झाले. महाराष्ट्रातल्या शहरांनी वाटही पाहिली आणि आकडेही जुनेच वापरले.

आता जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे आणि महापालिकांची पुढची निवडणूक 2031 साली येते. आकडे प्रसिद्ध झाल्यापासून किती महिन्यांत प्रभागरचना पूर्ण करायची, हे कायद्यातच लिहिले पाहिजे. 2022 साली राज्य सरकारने प्रभागरचनेचे अधिकार स्वतःकडे घेतले. ते राज्य निवडणूक आयोगाला परत दिले पाहिजेत. दोन्ही गोष्टी विधिमंडळाच्या हातात आहेत आणि त्यासाठी पुरेसा वेळही आहे.