दुसरा टप्पा

व्हीलचेअर टेनिसमध्ये कोर्ट तेच, जाळी तेवढ्याच उंचीची, चेंडूही तोच. मोठा फरक एकच. चेंडूचे दोन टप्पे पडेपर्यंत तो परतवता येतो, आणि दुसरा टप्पा कोर्टाबाहेर पडला तरी चालतो. ब्रॅड पार्क्स या अमेरिकन तरुणाने स्कीइंगमधल्या अपघातानंतर 1976 मध्ये हा खेळ सुरू केला. 1992 च्या बार्सिलोना पॅरालिम्पिकपासून त्यात पदके आहेत.

हा दुसरा टप्पा मेहेरबानी आहे की हक्क?

वर्गात हाच प्रश्न दुसऱ्या रूपात येतो. अपंग मुलाला परीक्षेत जादा वेळ मिळाला की बाकीची मुले विचारतात, "सर, उसे ज्यादा वक्त क्यों?" मुलांचा सवाल खोटा नाही. बरोबरी म्हणजे सर्वांना एकच माप, हे आपणच त्यांना शिकवलेले असते.

पण मेहेरबानी असती तर ती निकालात दिसली असती. नेदरलँड्सच्या एस्थर व्हर्गीरने 2003 पासून पुढे एकेरीचे सलग 470 सामने जिंकले आणि न हरताच 2013 मध्ये निवृत्ती घेतली. समोरच्या प्रत्येकीलाही दोन टप्पे होतेच! शिवाय हा खेळ दयाळूही नाही. खुर्ची शरीराचाच भाग धरतात. चेंडू तिला लागला की गुण गेला.

मला खरा इन्साफ दिसतो तो दुहेरीच्या एका प्रकारात. एक खेळाडू खुर्चीत, जोडीदार पायांवर. खुर्चीतल्याला दोन टप्पे, उभ्याला एक. एकाच बाजूला दोन मापे, सामना मात्र एक. कारण उघड आहे. पाय आडवे सरकतात, चाके सरकत नाहीत. बाजूच्या चेंडूकडे जायला आधी खुर्ची वळवावी लागते. दुसरा टप्पा त्या वळण्याची भरपाई आहे, आणखी काही नाही.

माप ठरवणे मात्र सोपे नाही. ज्यांच्या हातांतही ताकद कमी, त्यांच्यासाठी क्वाड हा वेगळा गट आहे. 2004 मध्ये अथेन्सला तो पॅरालिम्पिकमध्ये आला. त्यातले काही जण रॅकेट हाताला पट्टीने बांधून खेळतात. कोण कोणत्या गटात, हे शेवटी कुणीतरी तपासूनच ठरवतो. रेषेच्या अलीकडचा आणि पलीकडचा यांच्यात फार अंतर नसतेही. तरी रेष आखावी लागते.

आणि खेळाची खुर्ची म्हणजे दवाखान्यातली खुर्ची नव्हे. तिची चाके तिरकी असतात, उलटू नये म्हणून मागे छोटे चाक असते, आणि ती ज्याच्या-त्याच्या अंगाच्या मापाने करून घ्यावी लागते. हा खर्च गरिबाच्या आवाक्यातला नाही. आपल्याकडे तर कितीतरी शाळांच्या दारातच पायऱ्या आहेत. परीक्षेतला जादा वेळ मिळायचा तर आधी त्या चढाव्या लागतात.