वजनाच्या रकान्यात अंदाज?

बस खाली. बायकोच्या गरोदरपणातल्या रक्ततपासणीचा हा कागद बघ. वजनाच्या रकान्यात 65 लिहिलंयस. कुणाला विचारून? काल मी तिला काट्यावर उभं केलं, 78 भरली. उंची 152 सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय 34 च्या घरात. आपल्या लोकांत 25 पासूनच लठ्ठपणा धरतात.

चिंचोळी एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत क्यूसीला आहेस ना तू? तिथं एका आकड्याची शंका आली तर अख्खी बॅच होल्डवर टाकतोस. आणि बायकोचं वजन अंदाजपंचे!

अरे, डॉक्टरांनी पीएलजीएफ तपासायला सांगितलंय ते कशासाठी? ते वारेतून रक्तात येणारं प्रथिन. वार नीट रुजली नाही की ते आधीच कमी पडू लागतं. प्री-एक्लॅम्पसियात बीपी वाढतं ते विसाव्या आठवड्यानंतर. त्यामुळे ‘बीपी नॉर्मल आहे, घाई कशाला’ हे मला ऐकवू नकोस. अंगानं जड बाईच्या शरीरात रक्त जास्त, त्यात हे प्रथिन पातळ होतं. म्हणून लॅब वजन धरून आकडा दुरुस्त करते. वजनच चुकीचं दिलंस तर दुरुस्ती कशाची करणार? शिवाय नुसत्या रक्तावर भागत नाही. बीपी आणि डॉपलर सोनोग्राफी जोडून जोखीम काढतात, तीही चौदा आठवडे पूर्ण व्हायच्या आत. तिचा तेरावा संपत आलाय आणि कागद तुझ्या डब्याच्या पिशवीत!

वेळेत कळलं तर उपाय आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅस्प्रे चाचणीत जोखमीच्या बायकांना रोज रात्री 150 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिलं. 37 आठवड्यांआधीच बाळंत करावं लागेल असं प्री-एक्लॅम्पसिया त्यांच्यात 62 टक्क्यांनी कमी झालं. पण स्वतःच्या मनानं मेडिकलमधून गोळ्या आणल्यास तर खबरदार. ते डॉक्टर ठरवतील.

साखरेची तपासणी पहिल्याच भेटीत व्हायला हवी होती. 75 ग्रॅम ग्लुकोज, दोन तासांनी रक्त. 140 किंवा वर आलं की गरोदरपणातला मधुमेह. उपाशी राहायचीही अट नाही. 24 ते 28 आठवड्यांत ती पुन्हा करायची.

आणि 65 हा आकडा तिनंच सांगितला असेल, तर का सांगितला, हे विचारलंस कधी? काट्यावर उभी राहिली तेव्हा रडत होती पोरगी. घरात तिच्या अंगावरून बोलतात, हे मला न सांगता कळलं. ते आजपासून बंद. आईलाही तूच सांगायचं, मी नाही.

उद्या सेकंड शिफ्ट आहे ना? मग सकाळी तिला घेऊन जा. तिथल्या काट्यावर वजन करून घे, तेच लिही, आणि रक्त दिल्याशिवाय परत येऊ नका.