पायी वारी आणि परार्थ निधी

आषाढी वारीस आळंदीहून निघालेला वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटर चालून पंढरपुरी पोहोचतो. या वाटचालीस जोडून एखाद्या रुग्णालयासाठी वा वसतिगृहासाठी निधी जमविणारे भाविकही आता दिसतात. 'मी चालतो, आपण दर किलोमीटरमागे अमुक रुपये द्यावेत', असे त्यांचे आवाहन असते. यावर काही ज्येष्ठ मंडळी कार्यालयात येऊन विचारतात की, जेथे पांडुरंगापाशीही काही मागावयाचे नसते, तेथे लोकांपुढे हात का पसरावा?

शंका रास्त आहे. तथापि मागणे हाच दोष मानला, तर श्रीसंत गाडगेबाबांविषयी (१८७६–१९५६) काय म्हणावे? पंढरपूर, आळंदी, नाशिक येथील त्यांच्या धर्मशाळा लोकांच्या पैशातूनच उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. स्वतःपाशी ठेवले ते गाडगे आणि खराटा. तेव्हा परार्थ मागण्यास कमीपणा नाही.

आम्हांस खटकतो तो किलोमीटरचा दर. दिवेघाटात चालणाऱ्याचा पाय मुरगळला, तर रुग्णाच्या औषधातून तेवढी रक्कम कापावयाची काय? रुग्णाची गरज चालणाऱ्याच्या पायांवर अवलंबून नसते. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीच्या अपेक्षेने दिलेल्या दानास राजस म्हटले आहे. दुसऱ्याच्या श्रमाचे माप घेऊन दिलेले दान त्याच्या फार दूर नाही. (देणगीदार रागावणार नाहीत, अशी आशा आहे!) म्हणून द्यावयाचे ते चालणारा निघण्यापूर्वीच द्यावे.

चालणाऱ्यानेही मनाशी पाहावे, की एक रुपया जमला नसता तरी आपण निघालो असतो काय? उत्तर 'होय' असेल तर ती वारी, निधी तिच्या सोबतीने आला. 'नाही' असेल तर तीही सत्कृत्यासाठी केलेली पदयात्राच. मात्र तिला वारी म्हणू नये.

राहिला खर्चाचा प्रश्न. दिंडीतील वारकरी आपल्या जेवणाची भिशी स्वतः भरतो. निधी जमविणाऱ्यानेही चहापाणी, पादत्राणे, परतीचे तिकीट यांचा भार स्वतःच सोसावा, आणि पावती ज्या संस्थेसाठी निधी आहे तिच्याच नावाने फाडावी.