हाक आणि समता



आपण धम्मदीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, घरातले देव काढले. परंतु आपल्या घरात नवरा बायकोशी कसा बोलतो, याचा विचार आपण केला आहे काय? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. तो क्षुल्लक नाही.

हाकेत माणसाची किंमत ठरते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? आपल्या आजा-पणजांना गावात 'अरे-तुरे' ऐकावे लागे आणि स्वतः मात्र 'जोहार मायबाप' म्हणत वाकावे लागे. तो जोहार आपण टाकला. 'जय भीम' म्हटले की समोरूनही 'जय भीम'च येते. दोघांची मान सारखीच ताठ राहते.

मग घरात काय चालते? बायको 'अहो' म्हणते, चारचौघांत 'आमचे मालक' म्हणते, उखाण्याशिवाय नाव घेत नाही. तिला उत्तर मिळते, 'ए, तुला काय कळतंय?' मालक जमिनीला असतो, गुराला असतो. माणसाला मालक नसतो, हे तर आपण महाडच्या तळ्यावर १९२७ साली जगाला सांगितले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्याच महाडात जी मनुस्मृती जाळली, तिने शूद्र आणि स्त्री या दोघांनाही दास्यात ठेवले होते. अर्धीच जाळून कसे चालेल?

महाड-पोलादपूरच्या डोंगरात तळीयेसारख्या गावांतून पुरुष मुंबईला गेले. मागे भातलावणी, गुरे, म्हातारी माणसे, पोरांची शाळा बाईनेच सांभाळली. नवऱ्याचे पत्र आले तर ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे, म्हणून त्यात मनातले काही नसे. नवरा रजेवर आला की वर्षभर घर चालवणारी बाई गप्प होई आणि कधीतरी येणारा माणूस हुकूम सोडी. आज बाई अंगणवाडीत आहे, बचत गटात आहे, कारखान्यात आहे. २०११ पासून महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तरीही सरपंचबाईंना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा त्यांचे यजमानच देतात. कामे बदलली, बोलणे मागे राहिले.

कोणी म्हणेल, बाई कमावू लागली की तिला मान आपोआप मिळेल. हा विचार धोक्याचा आहे. मान पगारावर ठरत असेल, तर न कमावणारीला तो नाही. आणि १९८२ च्या संपानंतर ज्यांच्या गिरण्या सुटल्या, त्या आपल्या माणसांनाही तो नाही! आजारी पडलेल्याला, म्हाताऱ्याला कोण विचारणार? मान माणूस म्हणून मिळाला पाहिजे. भगवान बुद्धांनी सिगालाला सांगितलेली कर्तव्ये पाहा. पत्नीची पाच आणि पतीचीही पाचच. पत्नीचा सन्मान करावा, अपमान करू नये, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा, ही त्यांतलीच. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनीही हेच सांगितले, की पत्नीने पतीची मैत्रीण व्हावे, दासी होऊ नये.

यात केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. २२ जुलै २०२१ रोजी तळीयेवर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे गेली. तेव्हापासून डोंगराखालच्या प्रत्येक वाडीत पावसाळा आला की घर सोडावे की राहावे, हा प्रश्न उभा राहतो. डोंगरावर रोज लाकडाला, पाण्याला जाते ती बाई. जमिनीला भेग पडली तर ती तिला आधी दिसण्याचा संभव आहे. पण जिचे बोलणे वर्षानुवर्षे 'तुला काय कळतंय' म्हणून तोडले, ती त्या रात्री तरी तोंड उघडील काय?

एकमेकांना 'अहो' म्हणा किंवा प्रेमाने दोघेही 'अरे', 'अगं' म्हणा. शब्द कोणताही चालेल, तो दोन्हीकडून सारखा असावा. घरातला पैसा, पोरीचे शिक्षण, सोयरीक, शेत यांचा निर्णय करण्याआधी नवऱ्याने विचारावे, 'तुझं काय म्हणणं आहे?' आणि उत्तर पुरते ऐकावे. बायकोनेही पोरांदेखत नवऱ्याची कमाई काढू नये. कठोर वाणी कोणाचीही असो, ती सम्यक वाणी नव्हे. मुले शाळेत समता हा शब्द लिहायला शिकतील. तिचा अर्थ मात्र ती आईबापांच्या बोलण्यातूनच शिकतात.

जय भीम!